मनाचा पंचनामा

वस्तीवर हल्ला झाला की आधी पोलिसांची गाडी येते, मग तलाठी, मग तहसीलदार. पंचनामा सुरू होतो. जळालेले वासे मोजतात, फुटलेली भांडी मोजतात, ज्वारीची पोती किती गेली ते लिहून घेतात. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर जखमेची लांबी लिहितो, खोली लिहितो, हत्यार बोथट होतं की धारदार ते लिहितो. पण त्या घरातली बाई पुढं तीन-तीन महिने झोपत नाही, पोरगं गाडीचा आवाज आला की कणगीमागं दडतं, आणि जन्मभर गावाशी भांडलेला म्हातारा एकाएकी मुका होतो, याला कुठल्याच कागदात रकाना नाही. लोक म्हणतात, धसका घेतला. फार झालं तर देवऋष्याकडं नेतात. अंगारा लावतात.

मित्रांनो, हा धसका म्हणजे जखमच आहे हे डॉक्टरांनी कधी मान्य केलं, कुणाच्या बाबतीत केलं, कुणाच्या बाबतीत नाकारलं आणि त्यावर इलाज कसकसे निघाले, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचत गेलो तशी एक गोष्ट मला पक्की होत गेली. मनाची जखम खरी की खोटी, याचा निकाल फक्त दवाखान्यात लागलेला नाही. ज्याला जखम झाली त्याची समाजात किंमत काय, यावरही तो लागलाय. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा. दुसरं कारण त्याहून जवळचं आहे. अत्याचार झालेल्या घरात डॉक्टरच्या आधी आपला कार्यकर्ता पोचतो. त्या पहिल्या आठवड्यात तो काय करतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

एक

गोष्ट रेल्वेपासून सुरू होते. १८६६ साली लंडनच्या जॉन एरिक एरिक्सन या सर्जननं रेल्वे अपघातातल्या लोकांवर पुस्तक लिहिलं. वरून ओरखडाही नाही, पण माणूस झोपत नाही, थरथरतो, कामावर जाऊ शकत नाही. एरिक्सनला वाटलं, पाठीच्या कण्याला हादरा बसला असावा. पण असे लोक नुकसानभरपाईसाठी कोर्टात जायला लागल्यावर रेल्वे कंपन्यांच्या बाजूचे डॉक्टर उभे राहिले. ते म्हणाले, ही सोंगं आहेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा प्रश्न पैशाचा आणि खटल्याचा होता. बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइमनं १८८९ साली कामगारांचे असेच रोगी तपासून याला आघाताचा मज्जाविकार म्हटलं. पुढं १९२६ साली जर्मनीच्या विमा खात्यानं निर्णय देऊन अशा रोग्यांची भरपाईच बंद केली. तर्क असा की पेन्शनची आशा आहे म्हणून रोग आहे. आपल्याकडं अत्याचाराची तक्रार केली की गावची मोठी माणसं 'पैशासाठी केस केली' म्हणतात ना, त्या बोलण्याला इतका जुना डॉक्टरी वंश आहे.

त्याच काळात व्हिएन्नात जोसेफ ब्रॉयर नावाच्या डॉक्टरकडं बेर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची मुलगी आली. १८८० ते १८८२ तिच्यावर उपचार चालले. ती रोज बोलायची, ब्रॉयर ऐकायचा, बोलल्यावर तिला हलकं वाटायचं. याला 'बोलण्याचा इलाज' हे नाव कुण्या प्रोफेसरनं दिलेलं नाही, त्या रोगी मुलीनंच दिलंय. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात ती 'अॅना ओ.' या खोट्या नावानं आली. पुस्तकात ती बरी झाल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात त्यानंतरही तिला आरोग्यधामात राहावं लागलं होतं. पुढं हीच बाई १९०४ साली जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारते आणि बायकांच्या विक्रीविरुद्ध लढते. मानसशास्त्राच्या पुस्तकात ती केस म्हणून राहते, चळवळीच्या इतिहासात पुढारी म्हणून. दोन्ही ठिकाणी बाई एकच.

१८९६ साली फ्रॉइडनं अठरा रोग्यांच्या आधारानं सांगितलं की या विकाराच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आहे. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी तोंड फिरवलं. पुढच्याच वर्षी फ्रॉइडनं हे मत सोडलं. का सोडलं यावर विद्वान आजही भांडतात. पण परिणाम असा झाला की घराघरातला अत्याचार पुढं कित्येक दशकं 'कल्पना' या खात्यात जमा झाला.

दोन

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं 'लॅन्सेट' साप्ताहिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. खंदकातले जवान आंधळे, मुके, लुळे व्हायला लागले होते. तोफगोळा अंगाला लागलेला नसायचा तरी.

इथं इलाजाच्या दोन वाटा फुटतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअर दवाखान्यात लुईस यीलँडची वाट होती. त्यानं स्वतःच १९१८ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय: नऊ लढाया लढून मुका झालेला जवान अंधाऱ्या खोलीत नेला, दाराला कुलूप घातलं, घशाला विजेचे झटके द्यायला सुरुवात केली. बोलल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणून सांगितलं. तासांमागून तास गेल्यावर तो बोलला, आणि त्याच्याकडून आभारही वदवून घेतले. दुसरी वाट एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्टमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सची. तो रोग्याशी बसून बोलायचा. त्याचं म्हणणं असं की झालेलं विसरा म्हणून सांगणं घातक आहे, ते आठवायला आणि त्याला तोंड द्यायला माणसाला सोबत हवी. कवी सिगफ्रीड ससून १९१७ साली त्याचाच रोगी होता.

आता नीट बघा. क्रेगलॉकहार्ट हा अधिकाऱ्यांचा दवाखाना होता. साध्या शिपायाला बहुधा 'हिस्टेरिया' हे नाव मिळायचं, साहेबाला 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. साहेब थकतो, शिपाई सोंग करतो. ब्रिटिशांनी त्या युद्धात पळून जाणं, भ्याडपणा वगैरे गुन्ह्यांसाठी आपलेच ३०६ सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांतले काही आज आपण रोगी म्हणू असे होते. त्यांना माफी मिळाली २००६ साली, नव्वद वर्षांनी. युद्ध एक, खंदक एक, तरी जखमेलाही वर्ग लागला.

तीन

आता फ्रान्त्झ फॅनन. मार्टिनिक बेटावर १९२५ साली जन्मलेला काळा माणूस, फ्रान्समध्ये मानसोपचार शिकलेला. १९५३ साली अल्जेरियात ब्लिदा-जॉइनव्हिलच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून आला. तिथल्या गोऱ्या प्रोफेसरांची एक परंपराच होती, आंत्वान पोरोची. ते शिकवायचे की अल्जेरियन माणूस जन्मतःच आळशी, खोटारडा, भडक, त्याच्या मेंदूची घडणच आदिम. जातवार स्वभाव सांगणारे आपले शास्त्रीपंडित आणि हे डॉक्टर एकाच शाळेतले, फक्त यांच्या अंगात पांढरा कोट.

फॅननं रोग्यांच्या साखळ्या, बंधनं कमी केली. सभा, वर्तमानपत्र, सिनेमा, सण सुरू केले. युरोपियन बायकांच्या वॉर्डात ते चाललं. अल्जेरियन मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात मात्र कुणी फिरकेना. फॅनन आणि त्याचा सहकारी जाक अझुले यांनी १९५४ साली लिहून सांगितलं की इलाज परक्यांच्या रीतीचा होता म्हणून फसला. मग त्यांनी तिथं अरबी पद्धतीचं कॉफीघर काढलं, गोष्टी सांगणारा बोलावला, त्यांचे सण पाळले, फुटबॉलचं मैदान केलं. माणसं हळूहळू बोलायला लागली. माणूस त्याच्या माणसांत, त्याच्या बोलीत बरा होतो, हे फॅननं दवाखान्यात करून दाखवलं.

१९५४ लाच स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. फॅननकडं छळ झालेले येत आणि छळ करणारे पोलीसही येत. एक गोरा पोलीस इन्स्पेक्टर आला. दिवसभर कैद्यांना मारायचा आणि घरी बायकापोरांनाही मारायला लागला होता. त्याला छळ थांबवायचा नव्हता, मन न खाता छळ करता यावा एवढाच इलाज हवा होता! १९५६ साली फॅननं राजीनामा दिला. ज्या राज्यात माणसाला रोजच परकं केलं जातं, तिथं एकेकाला दवाखान्यात दुरुस्त करून पुन्हा त्याच राज्यात सोडायचं, हे त्याला पटेना. मरण्याच्या वर्षी, १९६१ साली, आलेल्या शेवटच्या पुस्तकात त्यानं या सगळ्या केसेस लिहिल्या.

चार

अमेरिकेचा धडा वेगळा आहे. तिथं डॉ. अब्राम कार्डिनरनं १९४१ साली युद्धातल्या मनाच्या जखमांवर महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्याच कार्डिनरनं १९५१ साली लायोनेल ओव्हसीबरोबर अमेरिकन निग्रोंवर पुस्तक काढलं. जुलमाचा ठसा मनावर उमटतो हे त्यात कबूल केलं, पण चित्र काढलं ते आतून मोडलेल्या, स्वतःचाच तिटकारा करणाऱ्या माणसाचं. लढणारा, गाणारा, संघटना बांधणारा काळा माणूस त्याला दिसला नाही. मित्रांनो, हा धोका आपल्यालाही आहे. आमची जखम मोजा म्हणताना 'बिचारे मोडलेले लोक' हा शिक्का कपाळावर मारून घ्यायचा नाही. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते काळ्यांच्या पँथरकडं बघून, कार्डिनरच्या रोग्याकडं बघून नव्हे.

त्याच सुमारास व्हिएतनामहून परतलेले जवान न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसायला लागले. सरकारी दवाखान्यावर त्यांचा विश्वास नव्हता. १९७० साली युद्धविरोधी माजी सैनिकांनी आपल्या बैठकांत शाइम शातान आणि रॉबर्ट लिफ्टन या डॉक्टरांना बोलावलं. बैठक सैनिकांची, डॉक्टर पाहुणे. सगळे बोलणार, सगळे ऐकणार. दुसरीकडं बॉस्टनच्या दवाखान्यात अॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बलात्कार झालेल्या बायकांशी बोलून १९७४ साली दाखवलं की त्यांचंही दुखणं याच जातीचं आहे. या रेट्यानं १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव आलं. प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढं येणं, स्वप्नं पडणं, दचकणं, मन बधिर होणं, ही त्याची लक्षणं. थोडक्यात आपला धसका.

पण व्याख्येत एक मेख होती. आघात कशाला म्हणायचं? तर जो प्रसंग माणसाच्या नेहमीच्या अनुभवाबाहेरचा आहे त्याला. वाचून मला हसू आलं आणि संतापही. 'नेहमीचा अनुभव' कुणाचा? १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. अठरा वर्षांनंतर हे लिहिताना, तो देखावा पुसला जात नाही आणि आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी नोंदवलंय. एवढा पहाडासारखा माणूस, जगातल्या मोठमोठ्या पदव्या घेतलेला. त्यांच्यावर गुदरलं ते अस्पृश्याच्या रोजच्या अनुभवातलंच होतं. म्हणजे १९८० च्या व्याख्येनं बघितलं तर आघातच नाही! अमेरिकेत बायकांनी हाच प्रश्न विचारला. बाईवरचा अत्याचार काय जगावेगळा आहे, घरोघर आहे, असं लॉरा ब्राउननं १९९१ साली मांडलं. १९९४ च्या नव्या यादीतून ती अट गेली. ज्युडिथ हर्मननं १९९२ साली सांगितलं की एकदाच झालेला आघात वेगळा आणि वर्षानुवर्षं ताब्यात ठेवून होत राहिलेला वेगळा. त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत वेगळं नाव मिळालं ते २०१९ साली मंजूर झालेल्या आवृत्तीत.

पाच

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्करानं आयेंदेचं सरकार उलथलं. हजारोंना पकडलं, छळलं, नाहीसं केलं. चर्चच्या आसऱ्यानं चालणाऱ्या संस्थांत सुटून आलेले लोक आणि बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक यायचे. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बायका त्यांची जबानी टेपवर घ्यायला लागल्या. जुलमाचा पुरावा जमवणं हा मूळ हेतू. पण त्यांच्या ध्यानात आलं की सांगणारा सांगता सांगता सुधारतोय. मग त्यांनी पद्धत बसवली. माणूस सांगणार, टेप होणार, ते उतरवून काढणार, दोघं मिळून वाचून दुरुस्त करणार, आणि तयार झालेला कागद सांगणाऱ्याच्या हातात देणार. तो कागद त्याचा. कुठं वापरायचा ते तो ठरवणार. १९८३ साली हे अमेरिकन नियतकालिकात छापून आलं. लेखिका होत्या एलिझाबेथ लिरा आणि युजेनिया वाइनस्टाइन, पण जीव धोक्यात म्हणून छापली खोटी नावं.

पोलीस कोठडीत माणसाकडून जबानी काढतात, ती त्याला मोडायला. या बायकांनी तीच जबानी उलटी फिरवली. इथं कुणी उपटून घेत नाही, माणूस आपल्या हिशोबानं देतो. आणि जे झालं ते माझ्या नशिबानं नव्हे, अमक्यांनी अमक्या कारणासाठी केलं, हे कागदावर उभं राहतं. शरम जिची आहे तिच्या दारात जाऊन पडते. एल साल्वादोरमधले पाद्री-मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्टिन-बारो हेच मांडत होते: जखम माणसामाणसांच्या संबंधांत आहे, नुसत्या डोक्यात नाही. १६ नोव्हेंबर १९८९ ला लष्कराच्या जवानांनी त्यांना विद्यापीठाच्या आवारात गोळ्या घातल्या. मानसशास्त्र खरं बोललं की काय होतं बघा.

ही साक्षीची पद्धत डेन्मार्कमार्गे भारतात आली. बनारसची मानवाधिकार जननिगरानी समिती आणि कोपनहेगनचं छळपीडितांचं पुनर्वसन केंद्र यांनी उत्तर प्रदेशात पोलिसी छळ सोसलेल्यांबरोबर ती वापरून पाहिली. २००९ साली त्याचा अहवाल छापून आला. ऐकणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते. पहिल्या बैठकांत हकिगत, मग लोकांसमोर तिचं मोठ्यानं वाचन आणि सन्मानानं ती हातात देणं, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा भेट.

जर्मनीच्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांनी याच मुळावरून आणखी एक रीत काढली. जमिनीवर दोरी पसरायची. ती दोरी म्हणजे आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल ठेवायचं, वाईटाला दगड. मग जन्मापासून आजपर्यंत क्रमानं सांगायचं. युगांडातल्या सुदानी निर्वासितांवर हे करून २००४ साली निष्कर्ष आले, आणि २००८ साली दिसलं की निर्वासितांतूनच शिकवलेले साधे लोकही हे चांगलं करू शकतात. मला त्यातली फुलं महत्त्वाची वाटतात. आपल्या माणसाच्या दोरीवर दगड खूप असतील, पण पहिली शाळा, पहिला मोर्चा, दीक्षाभूमीची पहिली वारी, हीही फुलं आहेतच.

सहा

हे वाचून कुणी उत्साही पोरगा उद्याच टेपरेकॉर्डर घेऊन निघेल, म्हणून पुढचं लक्ष देऊन वाचा.

१९८३ पासून अमेरिकेत अशी रीत निघाली की संकट झाल्यावर लगेच एका बैठकीत सगळं बोलून मोकळं करायचं. अनेक देशांत पसरली. मग मोजून पाहिलं. २००२ सालच्या आढाव्यात निघालं की अशा एकाच बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, काहींना त्रास वाढूही शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की अशी सक्तीची मोकळीक नको. पहिल्या महिन्यात झोपेसाठी, धास्तीसाठी गुंगीच्या गोळ्याही देऊ नका म्हणून सांगितलं. म्हणजे बोलणं हे औषध आहे, पण बोलायला लावणं हे औषध नाही.

आता आपल्याकडं काय चालतं? मी एका तालुक्यात एका बाईजवळ बसलो होतो. चौदा दिवसांत तिच्याकडं पोलीस, वकील, पेपरवाले, दोन पक्षांचे पुढारी आणि तीन सत्यशोधन समित्या येऊन गेल्या होत्या. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एकानं तर फोटोसाठी पुन्हा रडायला लावलं. चौथ्या समितीची गाडी आली तशी ती उठली, शेजारणीला म्हणाली, "आक्का, तूच सांग गं, तुला पाठ झालंय आता." तिची हकिगत तिची राहिली नव्हती. चिलीच्या बायकांनी जे परत दिलं, ते आपल्या गर्दीनं हिसकून घेतलं होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. हर्मननं तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा लोकांत मिसळणं. क्रम मोडायचा नाही. आज रात्री हे कुटुंब कुठं झोपणार, पहारा कोण देणार, रेशन आणि पाणी कुठून, हे पहिलं काम. गाव पाणी बंद करत असेल तर कुठलाही मानसोपचार फुकट आहे. हकिगत एकदाच, एकानंच, त्यांच्या मर्जीनं, त्यांना पटेल अशा माणसानं घ्यावी. बाईची बाईनं घ्यावी. लिहिलेलं वाचून दाखवा, प्रत त्यांच्याकडं ठेवा, समित्यांना तीच प्रत द्या. गप्प बसायचं असेल त्याच्याजवळ गप्प बसा. कॅमेरे गेल्यावर, तिसऱ्या महिन्यात, केस उभी राहते तेव्हा, पुन्हा जा. महिना उलटूनही झोप नाही, मरणाची भाषा आहे, तर जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडं सोबत न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो हक्क दिलाय, जातीवरून भेदभाव न करता. आणि ऐकणाऱ्यांनीही आपसात बसून बोला. दुसऱ्याच्या जखमा वाहून आपली किती पोरं दारूत गेली, तुम्हाला माहीत आहेत.

शेवटचं, पंचनाम्याचं. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात पीडिताची व्याख्या आली. शरीर आणि मालमत्तेबरोबर मानसिक, मनोवैज्ञानिक, भावनिक हानी सोसलेला माणूसही त्यात पीडित म्हणून लिहिलाय. रेल्वेच्या प्रवाशाला, खंदकातल्या शिपायाला जे भांडून भांडून मिळालं, ते आपल्या कायद्यात शब्दानं आलंय. कागदावरच राहील, आपण वापरलं नाही तर. म्हणून पुढच्या वेळी फिर्याद लिहून घेताना वासे, भांडी, पोती मोजून झाली की कारकुनाला उठू देऊ नका. सांगा, अजून लिहा: बाईला झोप नाही, पोरगं गाडीच्या आवाजाला दडतं, म्हातारा बोलत नाही. अमक्या तारखेपासून. आणि खाली सही घ्या.

जयभीम.